परसातील कुक्कुटपालन आणि विद्युत जाळीचे कुंपण : बंगळुरू परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

देशातील कुक्कुटपालनाचा विचार करताना मोठ्या व्यापारी शेडचे चित्र प्रथम डोळ्यांसमोर येते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेने मात्र एक वेगळी बाजू पुढे आणली. या गणनेनुसार देशातील एकूण कोंबड्या व तत्सम पक्ष्यांची संख्या ८५.१८ कोटी होती. त्यापैकी व्यापारी पक्षी ५३.४७ कोटी असून २०१२ च्या तुलनेत त्यांची वाढ अवघी ४.५ टक्के होती. याच काळात परसातील पक्षी २१.७५ कोटींवरून ३१.७१ कोटींवर गेले, म्हणजेच त्यांत सुमारे ४६ टक्क्यांची वाढ झाली. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या, विशेषतः स्त्रियांच्या हाती रोख पैसा देणारा हा व्यवसाय आहे. घरातील उष्टे-खरकटे, धान्याची कणी, किडे आणि गवत यांवर पक्षी वाढतात आणि अंडी घरात व बाजारात दोन्हीकडे जातात.

या व्यवसायाचे मर्मस्थान मात्र उघड्यावरच असते. व्यापारी शेडमधील पक्ष्याला भिंत असते. परसातील पक्ष्याला ती नसते. एखाद्या रात्री मुंगूस किंवा भटकी कुत्री शिरली तर काही मिनिटांत संपूर्ण कळप संपतो. मुंगूस वा कुत्रा भूक भागली म्हणून थांबत नाही, फडफडणारा पक्षी दिसेल तोवर मारत राहतो. वीस-पंचवीस पक्ष्यांचे पालन करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही सहा महिन्यांच्या कष्टांची हानी होय. रोगप्रतिबंधक लस, सुधारित जात आणि सकस खाद्य यांवर झालेला सर्व खर्च त्या एका रात्रीत वाया जातो. म्हणून संरक्षणाचा प्रश्न दुय्यम मानता येत नाही. त्याचे एक उत्तर म्हणजे विद्युत जाळीचे कुंपण. त्यामागील विज्ञान, उभारणी, निगा आणि कायदा यांचा अभ्यास विज्ञान-तंत्रज्ञान, कृषी आणि पर्यावरण अशा तिन्ही घटकांच्या तयारीस उपयोगी पडतो.

बंगळुरूच का?

माहिती-तंत्रज्ञानाचे शहर म्हणून परिचित असलेले बंगळुरू हे दक्षिण भारतातील कुक्कुट संशोधनाचेही केंद्र आहे. शहराच्या वायव्येस हेसरघट्टा येथे केंद्र शासनाची केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आहे. अशा चार प्रादेशिक संघटना असून उर्वरित तीन चंडीगड, भुवनेश्वर आणि मुंबई येथे आहेत. कमी खर्चात, साध्या व्यवस्थापनात टिकणाऱ्या पक्ष्यांची पैदास आणि शेतकऱ्यांचे प्रशिक्षण ही त्यांची कामे. हेसरघट्टा येथील 'कावेरी' हा अशाच पक्ष्यांपैकी एक. हेब्बाळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयात 'गिरिराज' ही परसातील पालनासाठीची जात विकसित झाली व पुढे 'स्वर्णधारा' आली. या दोन जातींमधील एक फरक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. गिरिराज वजनदार आहे. स्वर्णधारा तिच्यापेक्षा लहान व हलकी असल्याने रानमांजर किंवा कोल्ह्यापासून अधिक सहज निसटू शकते, असा तिचा गुण सांगितला जातो. भक्षकांचा प्रश्न इतका खरा आहे की तो जातीच्या निवडीपर्यंत पोहोचला आहे.

दुसरे कारण भूगोलाचे. शहराच्या दक्षिणेस बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान असून तेथे हत्ती व बिबट्याचा वावर आहे. हेसरघट्ट्याच्या बाजूस गवताळ माळ आहे. आनेकल, मागडी, कनकपुरा, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर या पट्ट्यांत नागली, तूर व भाजीपाल्याची शेते, नीलगिरीची लागवड आणि नव्या वसाहती एकमेकींत मिसळल्या आहेत. अशा सीमाभागात मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हे यांना लपायला जागा मिळते आणि वसाहतींच्या कचऱ्यावर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढते. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या वाढत्या वेशीवरील गावांची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. त्यामुळे बंगळुरूचा अभ्यास महाराष्ट्रातील वाचकाला परका वाटू नये.

कुंपण नेमके कसे कार्य करते?

साधे तारेचे कुंपण हा शारीरिक अडथळा असतो. विद्युत कुंपण हा प्रामुख्याने मानसिक अडथळा असतो. प्राण्याला एकदा जोराचा पण निरुपद्रवी झटका बसला की तो त्या रेषेपासून दूर राहण्यास शिकतो. या तंत्राचा विकास मुख्यतः न्यूझीलंडमध्ये झाला. तेथे १९३० च्या दशकात बिल गॅलाघर यांनी विद्युत कुंपणाची यंत्रे बनविण्यास आरंभ केला आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी रुआकुरा येथील संशोधनकेंद्रात डग फिलिप्स यांनी धारित्रावर चालणारे यंत्र विकसित केले. गवताचा स्पर्श झाला तरी ज्यातील दाब पूर्णपणे ढासळत नाही असे कुंपण त्यामुळे शक्य झाले.

कुंपणाचे हृदय म्हणजे ऊर्जक यंत्र. महाराष्ट्रातील शेतकरी त्यास 'झटका मशीन' म्हणतात, आणि हे नाव अगदी नेमके आहे. बॅटरीतून किंवा घरगुती विजेतून मिळणारी ऊर्जा हे यंत्र एका धारित्रात साठविते व सुमारे दर सेकंदास एकदा ती रोहित्रामार्फत कुंपणात सोडते. प्रत्येक स्पंदाचा दाब काही हजार व्होल्ट असतो, परंतु तो सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागापुरताच टिकतो.

धारित्रातील ऊर्जा म्हणजे धारकता व दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा अर्धा भाग, हे सूत्र विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. समजा, धारित्राची धारकता १६ मायक्रोफॅरड असून ते ५०० व्होल्टपर्यंत भारित केले. साठलेली ऊर्जा २ ज्यूल येते. त्यातील काही भाग रोहित्रात व जाळीत खर्च होऊन उर्वरित प्राण्यापर्यंत पोहोचतो.

येथे एक प्रश्न हमखास गोंधळ उडवितो. २३० व्होल्टची घरातील वीज माणसाचा जीव घेते, मग ३,००० व्होल्टचे कुंपण का घेत नाही? उत्तर दाबात नसून काळात आहे. शरीराचा रोध ५०० ओहम धरला तर ३,००० व्होल्टच्या स्पंदाने ६ अँपियरचा प्रवाह वाहतो. पण तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरताच असल्यास शरीरात जाणारी ऊर्जा १.८ ज्यूल भरते, आणि पुढचा स्पंद येईपर्यंत जवळपास पूर्ण सेकंदाची उसंत मिळते. तेवढ्यात प्राणी मागे सरतो. याउलट त्याच शरीरात २३० व्होल्टची वीज केवळ ०.४६ अँपियर प्रवाह सोडते, परंतु ती न थांबता वाहते. दर सेकंदास सुमारे १०६ ज्यूल ऊर्जा शरीरात जात राहते, स्नायू आखडल्याने हात तारेवरून सुटत नाही आणि हृदयाचे ठोके विस्कटतात. ऊर्जक यंत्रांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-७६ हे असून भारतीय मानकांच्या आयएस ३०२ या मालिकेतही त्याचा समांतर भाग आहे. आंतरराष्ट्रीय मानकातील मर्यादा याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत : स्पंद सेकंदास एकाहून अधिक नसावेत, प्रत्येक स्पंद १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त टिकू नये आणि ५०० ओहम रोधात दिली जाणारी ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा अधिक नसावी.

मंडल कसे पूर्ण होते, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. यंत्राचे एक टोक जाळीला व दुसरे जमिनीत ठोकलेल्या गजाला जोडलेले असते. जमिनीवर उभा असलेला प्राणी जाळीस स्पर्श करतो तेव्हा प्रवाह जाळीतून प्राण्याच्या शरीरात, तेथून मातीत आणि मातीतून गजामार्गे यंत्राकडे परततो. केवळ तारेवर बसलेल्या चिमणीस झटका बसत नाही, कारण तिचे पाय जमिनीला टेकलेले नसतात. म्हणजे या मंडलातील अर्धी वाट मातीची आहे. बंगळुरूच्या परिसरात अडचण नेमकी येथेच उद्भवते.

जाळी आणि तिची उभारणी

पिकांच्या रक्षणासाठी आपल्याकडे दोन, तीन किंवा पाच तारांचे सौर कुंपण सर्वपरिचित आहे. कोंबड्यांसाठी ते अपुरे ठरते, कारण मुंगूस तारांमधील फटीतून सहज जाते. म्हणून जाळीचे कुंपण वापरतात. ते प्लॅस्टिकच्या धाग्यांचे असते व आडव्या धाग्यांत पोलादाचे बारीक तंतू गुंफलेले असतात. उभे धागे वीज वाहून नेत नाहीत. जमिनीलगतचा सर्वांत खालचा आडवा धागाही विद्युतवाहक नसतो, अन्यथा सर्व ऊर्जा मातीतच गेली असती. जाळीची उंची साधारणतः १ ते १.२ मीटर, एका गुंडाळीची लांबी बहुधा ५० मीटर आणि काही मीटर अंतरावर टोकदार खिळ्यांचे हलके खांब जाळीतच बसविलेले असतात. खालच्या भागात भोके लहान व वर मोठी असतात. संपूर्ण कुंपण एक-दोन माणसे तासाभरात उचलून दुसरीकडे लावू शकतात, हा तिचा खरा फायदा होय.

किती जाळी घ्यावी, याचे गणित सोपे असले तरी बोधप्रद आहे. ५० मीटरच्या एका जाळीने चौरस केला तर बाजू १२.५ मीटर व क्षेत्रफळ सुमारे १५६ चौरस मीटर येते. दोन जाळ्या जोडल्यास बाजू २५ मीटर होते, पण क्षेत्रफळ ६२५ चौरस मीटर, म्हणजे चौपट. शंभर पक्षी पहिल्या चौरसातील गवत थोड्याच दिवसांत उकरून काढतात व जमीन उघडी पडते. दुसऱ्यात त्यांना अधिक काळ चरता येते. लांबट व अरुंद आकार घेतल्यास त्याच जाळीत कमी जागा सामावते, हेही ध्यानात ठेवावे.

उभारणीपूर्वी कुंपणाच्या रेषेवरील गवत हातभर रुंदीच्या पट्ट्यात जमिनीलगत कापावे. गवताचे प्रत्येक ओले पाते म्हणजे मातीकडे जाणारी एक छोटी गळती असते. एकटे पाते नगण्य, पण हजार पाती मिळून दाब निम्म्यावर आणतात. मग जाळी उलगडून कोपऱ्यांपासून प्रारंभ करावा व कोपऱ्यातील खांबांना बाहेरच्या दिशेने दोरीचा ताण द्यावा. ताण न दिल्यास जाळी मध्ये लोंबते, तिचे वाहक धागे जमिनीला टेकतात आणि कुंपण असूनही नसल्यासारखे होते. येथील तांबडी माती मार्च-एप्रिलमध्ये विटेसारखी कडक होते. खांबावर हातोडा मारल्यास त्याचा प्लॅस्टिकचा भाग फुटतो. त्याऐवजी आदल्या दिवशी जागेवर पाणी घालून, लोखंडी पहारीने छिद्र पाडून मग खांब बसविणे श्रेयस्कर.

पक्ष्यांना नव्या जागेत प्रथम दोन-तीन दिवस खुराड्यातच ठेवावे, म्हणजे संध्याकाळी परतण्याची जागा त्यांच्या अंगवळणी पडते. कोंबडीची पिसे विद्युतरोधक असल्याने तिला झटका बसतो तो तुऱ्यास, चोचीस किंवा पायास. अगदी लहान पिले भोकांतून बाहेर जातात, म्हणून ती मोठी होईपर्यंत बारीक जाळीच्या पिंजऱ्यातच असावीत. उडणाऱ्या पक्ष्यांच्या एकाच पंखाची टोकाकडील मोठी पिसे कापली की तोल जाऊन उड्डाण होत नाही; दोन्ही पंख कापले तर तोल कायम राहतो आणि हेतू साधत नाही.

अर्थिंग : तांबड्या मातीची कसोटी

कुंपण लागत नाही अशी तक्रार येते तेव्हा दोष यंत्रास दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो अर्थिंगमध्ये असतो. सामान्यतः जस्तलेपित लोखंडाचे सुमारे एक मीटर लांबीचे तीन गज एकमेकांपासून दोन-तीन मीटर अंतरावर ठोकून ते एकाच तारेने जोडतात. बंगळुरूच्या पठारावर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असून खाली नीस व ग्रॅनाइट खडक लागतो. गज अर्ध्यावरच अडतो. अशा वेळी तो वाकवून सोडून देण्यापेक्षा गजांची संख्या वाढवावी आणि जागा बदलावी. न्हाणीघराच्या सांडपाण्याची मोरी, गोठ्याची बाजू, केळीचे आळे अशी बारमाही ओलावा असलेली जागा सर्वोत्तम. यंत्र कुंपणापाशी असावे, पण अर्थिंग ओलाव्यापाशी असावे. मधले अंतर तारेने भरून काढता येते. कुंपणाचे अर्थिंग घराच्या विजेच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर ठेवणे मात्र अनिवार्य आहे. एरवी कुंपणाचे स्पंद घरातील उपकरणांच्या धातूच्या आवरणावर उतरू शकतात.

अर्थिंगची परीक्षा घेण्याची एक प्रचलित रीत आहे. यंत्र बंद करून, त्यापासून शक्य तितक्या दूरच्या टोकाला काही लोखंडी सळया जमिनीत खोचून जाळीला टेकवितात. यंत्र सुरू केल्यावर कुंपणाचा दाब २,००० व्होल्टच्या खाली आला पाहिजे. तेवढ्या सळया लावाव्यात. आता अर्थिंगचा गज आणि एक मीटरवर खोचलेली स्वतंत्र सळई यांमधील दाब मोजावा. तो २०० ते ३०० व्होल्टपेक्षा अधिक भरला तर गज अपुरे आहेत. ही परीक्षा पावसाळ्यात घेऊन निर्धास्त होणे चुकीचे आहे. जुलैत उत्तम ठरलेले अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी ठरू शकते. कोरड्या जमिनीसाठी एकाआड एक धागे यंत्राच्या जमिनीकडील टोकास जोडलेल्या जाळ्याही असतात. त्यांत प्राण्याने लगतचे दोन धागे एकाच वेळी स्पर्शिले की मातीच्या मदतीविना मंडल पूर्ण होते.

सौर ऊर्जेचे गणित

१९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पोहोचली आणि ऑगस्ट १९०५ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. विजेचा एवढा जुना वारसा असलेल्या या परिसरातही शेतातील कुंपणासाठी सौर पॅनेल व बॅटरी हाच सोयीचा मार्ग ठरतो, कारण कोंबड्यांची जागा सतत बदलते आणि वीज खंडित होण्याच्या वेळीही कुंपण जिवंत असावे लागते.

उदाहरणादाखल, दर सेकंदास १ ज्यूलचा एक स्पंद देणारे यंत्र घेऊ. दर सेकंदास १ ज्यूल म्हणजे १ वॉट. अंतर्गत व्यय धरून यंत्र १.७ वॉट ओढते असे मानल्यास दिवसाची गरज सुमारे ४१ वॉट-तास होते. १२ व्होल्ट, १८ अँपियर-तासांच्या बॅटरीत २१६ वॉट-तास ऊर्जा असते. बॅटरी टिकावी म्हणून तिच्यातील निम्मीच वापरायची, म्हणजे १०८ वॉट-तास. सूर्यदर्शन अजिबात न झाल्यास ती अडीच दिवसांहून थोडी अधिक पुरेल. आता २० वॉटचे पॅनेल लावले व पूर्ण क्षमतेचे चार तास ऊन मिळाले, तर ८० वॉट-तास निर्माण होतात. तीस टक्के व्यय वजा जाता ५६ उरतात आणि गरज भागते. ढगाळ हवेत ऊन दोन तासांवर आले की हाती २८ वॉट-तास पडतात, रोज १३ ची तूट येते आणि साधारण आठ दिवसांत बॅटरी धोक्याच्या रेषेला पोहोचते. दीर्घ पावसाळी झडीत पॅनेल मोठे असणे किंवा बॅटरी घरी नेऊन भारित करणे का आवश्यक ठरते, ते यावरून स्पष्ट होते.

निगा

विद्युत कुंपण हे एकदा बसवून विसरण्याचे साधन नाही. दररोज संध्याकाळी, पक्षी खुराड्यात जाण्यापूर्वी, यंत्रापासून सर्वांत दूर असलेल्या टोकाला व्होल्टमापकाने दाब पाहावा व वहीत नोंदवावा. ३,००० व्होल्टपेक्षा कमी दाब चालणार नाही; केसाळ कुत्रा किंवा कोल्हा यांच्यासाठी ४,००० असलेला बरा. वहीतील आकडा एकदम कोसळला असेल तर तार तुटली आहे किंवा फांदी पडली आहे. तो रोज थोडाथोडा उतरत असेल तर गवत वाढते आहे, किंवा उन्हाळा असल्यास माती सुकते आहे. इतके निदान केवळ नोंदीवरून होते, म्हणून वहीला पर्याय नाही. दोष शोधताना जाळ्या एकेक करून सोडवाव्यात. जी सोडविल्यावर दाब पूर्ववत होतो, दोष तिच्यात. अंधार पडल्यावर कुंपणालगत चालत गेल्यास गळतीच्या ठिकाणी बारीक ठिणगी दिसते व टकटक ऐकू येते.

जून ते ऑक्टोबर या काळात गवताची कापणी दर आठ-दहा दिवसांनी करावी लागते. तणनाशकाचा मोह टाळावा, कारण त्याच कडेचे गवत व किडे कोंबड्या खातात. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या सरींबरोबर या पठारावर विजांचा कडकडाट असतो. कुंपणाच्या तारेवर तडितरोधक बसवावा आणि वादळाची चिन्हे दिसताच यंत्र जाळीपासून अलग करावे. मात्र तेवढा वेळ पक्षी बंदिस्त असले पाहिजेत.

जाळीचा एक दोष प्रामाणिकपणे नमूद करावयास हवा. साप, बेडूक, सरडे, घोरपड यांसारखे प्राणी तिच्यात अडकतात. कुत्रा झटका बसताच मागे उडी घेतो, साप मात्र पुढे सरकू पाहतो किंवा जागीच वेटोळे करतो आणि वारंवार बसणाऱ्या झटक्यांनी मरतो. यासाठी सकाळी फेरी मारणे आवश्यक आहे. वीज बंद असलेली जाळी उभी ठेवणे तर अधिकच वाईट, कारण भीती नसल्याने प्राणी तिच्यात शिरतात आणि गुरफटतात. पक्षी नसतील तेव्हा जाळी काढून, गुंडाळून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी टांगावी. उंदरांनी कुरतडलेला एक वाहक धागा गाठ मारून जोडता येतो, पण गाठीत पोलादी तंतू एकमेकांस घट्ट भिडले नाहीत तर पुढचा भाग मृतच राहतो.

जे कुंपण करू शकत नाही

आकाश मोकळेच असते. घार, शिक्रा आणि कावळे यांच्यावर जाळीचा काहीही परिणाम नाही. त्यासाठी झुडपांचा आडोसा किंवा वरून साधी जाळी हवी. बिबट्या सव्वा मीटरची उंची सहज ओलांडतो. बन्नेरघट्ट्याच्या वेशीवरील गावांत म्हणूनच रात्री भक्कम, छताचे, पक्के बंद होणारे खुराडे हाच मुख्य आधार असून विद्युत जाळी दिवसापुरती आहे. हत्तीसाठी तर ही जाळी म्हणजे दोरा.

रोगाचेही तसेच आहे. भारतातील एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये याच विषाणूने खुद्द हेसरघट्टा येथील केंद्रीय संस्थेत प्रवेश केला. टर्की पक्ष्यांत प्रथम मरतूक दिसली आणि संस्थेतील पक्षी नष्ट करावे लागले. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवर ओढवलेला हा प्रसंग भक्षकनियंत्रण आणि जैवसुरक्षा या दोन भिन्न गोष्टी असल्याचे दाखवितो. कुंपणामुळे भटकी जनावरे व परके पक्षी काही प्रमाणात दूर राहतात एवढेच. वन्य पक्ष्यांची विष्ठा, माणसांच्या चपला आणि उसन्या आणलेल्या खाद्याच्या गोण्या यांना ते अडवीत नाही.

कायद्याची चौकट

विद्युत कुंपण आणि विजेचे कुंपण यांत मराठीत शब्दभेद फारसा नाही. कायद्यात मात्र जीवन-मरणाचा भेद आहे. खांबावरील वाहिनीवर आकडा टाकून किंवा घरातील जोडणीतून सरळ तारेत वीज सोडण्याचे प्रकार महाराष्ट्रात तसेच कर्नाटकात वारंवार घडतात. रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारेने शेजारचा शेतकरी, रात्री पाण्याची पाळी द्यायला निघालेला मजूर, आणि कित्येकदा तार लावणारा स्वतःच मरण पावतो. देशातील हत्तींच्या अनैसर्गिक मृत्यूंत विजेचा धक्का हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि हत्तींच्या संख्येत कर्नाटक देशात अग्रेसर आहे. झटका मशीनची किंमत वाचवून घेतलेला हा मार्ग सर्वांत महाग पडतो.

वीज चोरून वापरणे विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास किंवा दंडास किंवा दोहोंस पात्र आहे. माणसाचा मृत्यू झाल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू, आणि परिस्थितीनुसार कलम १०५ मधील सदोष मनुष्यवध यांचा प्रश्न उपस्थित होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेत मारणे, विष देणे, सापळ्यात वा फासात पकडणे या साऱ्यांचा समावेश होतो. बिबट्या व हत्ती हे अनुसूची १ मधील प्राणी असून २०२२ च्या सुधारणेनंतर त्यांच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. भटक्या कुत्र्यांनाही मारता येत नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये केलेले २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम निर्बीजीकरण व लसीकरणाचा मार्ग सांगतात. मानकानुसार असलेल्या कुंपणाचे महत्त्व येथे लक्षात येते. ते प्राण्यास परतविते, मारीत नाही; म्हणून कोंबडी आणि मुंगूस दोघेही जिवंत राहतात.

स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने या विषयातील घटनात्मक विभागणी पाहण्याजोगी आहे. पशुधनाचे जतन, सुधारणा व पशुरोगप्रतिबंध हा राज्यसूचीतील विषय, नोंद १५. वीज समवर्ती सूचीत, नोंद ३८. प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध समवर्ती सूचीतील नोंद १७, तर वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण ही ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये समवर्ती सूचीत आलेली नोंद १७-ब. अनुच्छेद ४८, ४८-अ आणि ५१-अ (छ) यांचाही येथे संबंध येतो. परसातील पन्नास मीटरच्या एका जाळीवर केंद्र व राज्य यांचे इतके अधिकार एकत्र येतात. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१-२२ मधील सुधारित स्वरूपात ग्रामीण कुक्कुट उद्योजकतेसाठी ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे, परंतु ते मूळ पक्ष्यांचे प्रक्षेत्र, उबवणूक केंद्र व पिलांचे संगोपन केंद्र यांसाठी. वीस कोंबड्या पाळणारी स्त्री त्याच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्रात वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणास साहाय्य मिळते, मात्र त्यामागील मुख्य विचार पिकांच्या रक्षणाचा आहे.

उभारणीतील सुरक्षिततेचे काही नियम कटाक्षाने पाळावयाचे असतात. काटेरी तारेत वीज कधीही सोडू नये, कारण अडकलेला माणूस किंवा प्राणी सुटू शकत नाही. एका कुंपणास दोन यंत्रे जोडू नयेत. दोघांचे स्पंद आळीपाळीने येऊन मधली उसंत नाहीशी होते. वेगवेगळ्या यंत्रांवरील दोन कुंपणांत किमान अडीच मीटर अंतर ठेवावे. डोक्यावरून वीजवाहिनी जात असल्यास कुंपण तिला समांतर न नेता शक्यतो काटकोनात ओलांडावे. पायवाटेच्या कडेला पिवळ्या रंगाचे सूचनाफलक ठराविक अंतरावर लावावेत. बंगळुरूच्या परिसरात कन्नडबरोबर चित्र हवेच, कारण शेतावरील मजूर अनेकदा परराज्यातील असतो आणि लहान मुलाला कोणतीच लिपी येत नसते. जाळीखालून रांगत जाणाऱ्या मुलाच्या डोक्यास झटका बसण्याचा धोका सर्वांत अधिक, म्हणून घराच्या अंगणाला लागून असलेल्या बाजूस विद्युत जाळीऐवजी साधी जाळी वापरणे योग्य.